खंडोजीरावांचं पोट

मारतहळ्ळीच्या पुलापासून आठ मिनिटांच्या अंतरावर एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खंडोजीराव कामाला आहेत. त्यांचं काम मळमळण्याचं. करारपत्रात या हुद्द्याला चार शब्दांचं भारदस्त इंग्रजी नाव दिलेलं आहे, पण त्यातून काढता येईल तेवढं सगळं काढून टाकलं की खाली हेच उरतं.

तिथल्या प्रयोगशाळेत मोबाइलवरच्या आभासी जगाची ॲप तपासली जातात. फोन एका जाड चष्म्यात सरकवायचा, चष्मा डोळ्यांवर बांधायचा, की माणूस मंगळावर नाहीतर अजून न बांधलेल्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभा राहतो. ते चित्र फोनमध्ये तयार होत नाही. ते दूरच्या संगणकावर तयार होतं आणि बिनतारी जाळ्यातून येतं, तेही फाइव्ह-जीच्या पुढच्या, बाजारात अजून न आलेल्या पिढीच्या जाळ्यातून. मान वळवली की चित्र तत्काळ वळायला हवं. सेकंदाचे पन्नास तुकडे केले आणि त्यातल्या दोन-तीन तुकड्यांइतका जरी उशीर झाला, तरी डोळे एक सांगतात, कानाच्या आतला तोल दुसरं सांगतो, आणि त्या भांडणाचा निकाल पोट देतं.

उशीर किती झाला हे यंत्र सांगतं. तो माणसाला सोसेल का, हे यंत्राला सांगता येत नाही. म्हणून तिथे माणूस ठेवावा लागतो. या कामाला पंचविशीतली पोरं घेतली तर पहिले पंधरा दिवस ती व्यवस्थित हिरवीपिवळी होतात. दोन महिन्यांत सरावतात, आणि मग मंगळावर उलटं टांगलं तरी डबा खाऊ शकतात. सरावलेला तपासनीस कुणाच्याच उपयोगाचा नसतो. खंडोजीराव सत्तेचाळीस वर्षांचे आहेत आणि चार वर्षांत सरावलेले नाहीत. पहिल्या दिवशी जेवढ्या उशिराला त्यांनी बादली मागितली होती, तेवढ्याच उशिराला ते आजही मागतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून कसलाही दोष नाही असं लिहून दिलं आहे आणि ते पत्र फायलीला लावलेलं आहे.

घराण्याचा इतिहास बघता हे जरा विचित्रच म्हणायचं. पूर्वज सोळाशे चाळीसच्या आसपास फौजेबरोबर या बाजूला आले आणि इथेच राहिले. ते घोडदळात होते असं घरात सांगतात. आमचे पूर्वज पायदळात होते असं सांगणारं मराठी घराणं बंगळुरात अजून कुणाच्या बघण्यात नाही. पण घोडदळाच्या या वंशजाला तिरुपतीच्या बसमध्ये होसकोटे यायच्या आत लिंबू हुंगावं लागतं. पगारपत्रकावर त्यांचं नाव नुसतं ‘के. राव’ असल्यामुळे अर्ध्या कार्यालयाचा ते आंध्रचे असल्याचा समज आहे. तो त्यांनी दूर केलेला नाही. केला तर पावणेचारशे वर्षांचा खुलासा करावा लागेल.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर खंडोजीरावांना पहिली नोकरी मिळाली ती एका कंत्राटदाराकडे, आणि ती नेमकी गाडीत बसण्याची होती. मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी चार फोन ठेवून शहरभर फिरायचं आणि कुठे सिग्नल मिळतो, कुठे तुटतो याची नोंद करायची. चालत्या गाडीत पडद्याकडे बघणं, हे त्या नोकरीचं एकमेव अंग होतं आणि नेमकं तेवढंच त्यांना जमत नव्हतं. गाडीचा ड्रायव्हर देवाप्पा आरशात बघूनच ओळखायचा आणि म्हणायचा, “अण्णा, स्वल्प बाजूला घेऊ का?” बावीस वर्षं अशी गेली. त्या काळच्या नकाशांवर हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या पट्ट्यात सिग्नलची नोंद नाही अशा काही जागा आहेत. तिथे सिग्नल होता, पण तिथे खंडोजीराव लॅपटॉपकडे बघत नव्हते.

नव्या प्रयोगशाळेत माणसं घेतायत असं कळल्यावर ते मुलाखतीला गेले. प्रयोगशाळेची प्रमुख संयोगिता ही मूळ पुण्याची. तिने त्यांना चष्मा चढवला आणि दीड मिनिटात तिच्या केबिनमधली कचऱ्याची टोपली वापरात आली. त्यांच्या आधी आलेले सहा जण वीस मिनिटं फिरून ताजेतवाने बाहेर पडले होते. नेमणुकीचं पत्र खंडोजीरावांना त्याच दिवशी मिळालं, शिक्षणाची कागदपत्रं सावकाश द्या म्हणून सांगितलं गेलं. ज्या दोषापायी बावीस वर्षं मान खाली घालावी लागली, तो एका दुपारी पात्रता ठरला. माणसाच्या गुणांचं मूल्यमापन किती शास्त्रशुद्ध पद्धतीने होतं, याचा हा एक नमुना समजायला हरकत नाही.

तपासणीच्या दिवशीचा क्रम ठरलेला होता. पावणेसातला दोन इडल्या, त्यांवर चटणीपूड आणि तेल. कॉफी नाही. मग मल्लेश्वरमहून मेट्रोने मॅजेस्टिक, तिथून गाडी बदलून के. आर. पुरम, पुढे बस. बसमध्ये फोन बघायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, फक्त समोरच्या रस्त्याकडे बघायचं. प्रयोगशाळेत पोचल्यावर पाऊण तास एका खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसायचं. याला तिथे उपकरण शून्यावर आणणं म्हणतात. मग एक फॉर्म भरायचा: झोप किती झाली, काय खाल्लं, औषध घेतलं का. चार वर्षांत त्या फॉर्मवर ‘दोन इडल्या, चटणीपूड’ आणि ‘नाही’ याखेरीज काही लिहिलं गेलं नव्हतं, त्यामुळे तो कुणी वाचतही नव्हतं.

त्यानंतर धातूचे पत्रे ठोकलेल्या बंद खोलीत जायचं. बाहेरचा कुठलाही सिग्नल तिथे शिरत नाही, आत फक्त प्रयोगशाळेचं स्वतःचं जाळं. चष्मा लावून वीस मिनिटं फिरायचं आणि दर मिनिटाला मळमळीचा आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे बादली. तीनच्या वर आकडा गेला की ॲप नापास. बाहेर काचेआड महांतेश बसलेला असायचा. तो चिकोडीकडचा, जाळं त्याच्या ताब्यात. आकडा विचारायचं कामही त्याचंच.

जानेवारीच्या शेवटी जे ॲप आलं ते म्हाताऱ्या माणसांसाठी होतं. पडून हाड मोडलेल्या, तोल गेलेल्या लोकांनी घरच्या घरी चष्मा लावून एका बागेत चालायचं, वाकायचं, आंबे तोडायचे. त्या निमित्ताने पायांना व्यायाम आणि तोलाला वळण. बाग सुरेख होती. तिच्यात कुत्री नव्हती, डास नव्हते आणि कचरा जाळणारा इसम नव्हता. त्यावरून ती बंगळुरातली नाही हे लगेच कळायचं. या ॲपमध्ये उशीर झाला तर फक्त मळमळून भागणार नव्हतं. नुकतं हाड जुळलेली व्यक्ती उभ्याउभ्या चक्कर येऊन पडू शकत होती. मार्चमध्ये मल्लेश्वरमच्या एका ज्येष्ठ नागरिक केंद्रात चौदा जणांवर त्याची पहिली चाचणी व्हायची होती. त्याआधी खंडोजीरावांची सही लागणार होती.

पहिल्या आठवड्यात बाग सपशेल नापास झाली. आकडे सात, आठ, सात. महांतेशने जाळ्याची मांडणी बदलली आणि नवा प्रोग्रॅम चढवला. दुसऱ्या सोमवारी खंडोजीराव आत गेले.

“अण्णा, आकडा?”

“एक.”

“एक? नीट सांगा की वो. घाई नाही.”

“एकच आहे रे. अर्धा म्हटलं तरी चालेल.”

वीस मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा महांतेश उभा राहून टाळ्या वाजवत होता. “बघितलं का मॅडम? सांगत नव्हतो मी? जाळ्यातच दोष हुता. काढला उपटून!” संयोगिता म्हणाली, “ॲपवाल्यांनीही कोड बदललाय म्हणे. क्रेडिट नंतर वाटून घेऊ. आधी तीन आठवडे हेच रीडिंग येऊ दे.” त्यानंतर आठवडे गेले आणि आकडे येत राहिले. एक, एक, दोन, एक. महांतेशने वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये स्वतःच्या कामगिरीच्या रकान्यात दोन परिच्छेद लिहून तो पाठवूनही दिला.

या आनंदात सामील न झालेले एकटे खंडोजीराव होते. त्यांना वेगळीच शंका होती. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी के. आर. पुरमच्या पुढे बस अडकली असताना त्यांनी नियम मोडून फोन काढला आणि बातम्या वाचायला घेतल्या. बस सुटली. ते वाचत राहिले. अख्खी बातमी झाली, तिच्याखालची झाली, राशिभविष्यही झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चालत्या बसमध्ये राशिभविष्य वाचलं होतं आणि काहीही झालं नव्हतं. पुलापाशी उतरताना त्यांचा चेहरा पडलेला होता. जाळं सुधारलं नव्हतं. पोट सरावलं होतं.

त्यांचा करार एकतीस मार्चपर्यंत होता. सरावलेल्या पंचविशीतल्या पोराला दुसरीकडे काम मिळतं, सरावलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला कुठलं मिळणार याचा अंदाज त्यांनी घेऊन पाहिला. गाडीतल्या नोकरीला आता ते पूर्णपणे लायक झाले होते, पण ती कामं आता माणसाशिवाय होतात. ते गप्प राहिले. विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं तर ते देतच होते. एक वाटत होता म्हणून एक सांगत होते. एक का वाटतोय, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मध्ये एका गुरुवारी गंमत झाली. पत्नी राजलक्ष्मी आदल्या दिवशी बंगळुरातल्याच शिवाजीनगरला बहीण वसुमतीकडे बारशाला गेल्या आणि रात्री तिथेच राहिल्या. खंडोजीरावांनी मेट्रो स्टेशनजवळच्या उभ्याने खायच्या दर्शिनीत इडली खाल्ली आणि फॉर्मवर ‘दोन इडल्या, ओली चटणी’ असं लिहिलं. त्या दिवशी सहाव्या मिनिटाला त्यांनी सहा सांगितला. त्यांना इतका आनंद झाला की बोलताना आवाज चढला. बाहेर मात्र धावपळ उडाली. महांतेशने सगळी जोडणी तपासली आणि एक केबल किंचित सैल असल्याचं त्याला आढळलं. सैल केबल शोधायला बसलं की ती सापडतेच. ती आवळण्यात आली. शुक्रवारी आकडा पुन्हा एक आला, म्हणजे केबलच सदोष असल्याचं सिद्ध झालं आणि गुरुवारचं रीडिंग अहवालातून वगळण्यात आलं. तीन आठवड्यांतला तो एकमेव खरा आकडा होता. खंडोजीरावांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. ट्यूबलाइट जायच्या आधी एकदोनदा लुकलुकते, तसं आपलं पोट लुकलुकलं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्यांनी अहवालावर सही केली. म्हाताऱ्यांची चाचणी सोमवारी होती.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर राजलक्ष्मी कोथिंबीर निवडत होत्या. खंडोजीराव समोर येऊन बसले.

“राजी, एकतीस तारखेनंतर मी घरीच असणार बहुतेक.”

“का ओ?”

“पोट बरं झालंय.”

“पोट बरं झालं म्हणून काढतात? बिघडलं म्हणून काढलेलं ऐकलंय मी.”

“माझं काम वेगळं आहे की.”

“चार वर्षं झाली, मला ते काम कळलं नाही. कुणी विचारलं तर मी कंप्यूटर म्हणून सांगते.” त्यांनी एक जुडी बाजूला ठेवली. “कधीपासून बरं आहे?”

“तीन आठवडे होऊन गेले. मधे एकच दिवस बिघडलं. तू वसुमतीकडं होतीस त्या दिवशी.”

राजलक्ष्मींचे हात थांबले. मग त्यांनी खाली बघत विचारलं, “एक सांगू? चिडायचं नाही.”

“सांग.”

“चटणीपुडीत सुंठ आहे.”

खंडोजीरावांना कळायला थोडा वेळ लागला. “किती?” त्यांनी विचारलं. चार वर्षं मोजमापाच्या धंद्यात काढल्यामुळे असेल, पहिला प्रश्न तोच आला.

“वाटीला दोन चमचे. शेजारच्या कस्तुराबाई मावशी एकच म्हणाल्या होत्या. एकानं काय होणार, म्हणून मी दोन घातले. वास येऊ नये म्हणून करिबेवूचा पाला आणि मिरची वाढवली.”

“मी तुला विचारलं होतं, चव वेगळी का लागते. तू म्हणालीस गिरणी बदलली.”

“गिरणी पण बदलली. खोटं नाही बोलले मी.”

“राजी, माझं पोट म्हणजे तिथलं उपकरण आहे!”

“असेल. मला काय दिसतं? आठवड्यात चार दिवस माणूस हळदीसारखा होऊन येतो, भिंतीकडं तोंड करून बसतो, दोन घास ताक-भात खातो आणि उठतो. चार वर्षं मी कुणासाठी शिजवू? मनीप्लांटला वाढू? औषध द्यायचं नाही म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. सुंठ काय औषध आहे?”

हा मुद्दा बिनतोड होता. सुंठ औषध नव्हतं आणि चटणीपूड फॉर्मवर रोज लिहिलेली होती. फॉर्म अक्षरशः खरा होता. तरी तीन आठवड्यांचा अहवाल खोटा होता.

खंडोजीरावांना आधी सुटका झाल्यासारखं वाटलं. पोट शाबूत होतं. चटणी बदलली की उपकरण पूर्ववत, नोकरी पूर्ववत, कुणाला काही कळायचं कारण नाही. सोमवारच्या चाचणीत काही झालं तर म्हातारी माणसं आहेत, चक्कर यायचीच, असं म्हणायला सगळे मोकळे होते. उलट खरं सांगितलं, तर ज्या उपकरणाला बायको सुंठ घालू शकते ते विश्वासार्ह नाही असा निष्कर्ष कुणीही काढला असता, आणि महिन्याच्या शेवटी करार संपत होताच. हा हिशेब मांडायला त्यांना फार वेळ लागला नाही.

“मावशींचं नाव आहे की त्या सोमवारच्या यादीत,” राजलक्ष्मी म्हणाल्या. “खुबा मोडल्यापासून पहिल्यांदाच कुठं निघाल्यायत. नवीन चपला आणल्यात. मला दाखवून गेल्या.”

“माहीत आहे.”

“मग?”

खंडोजीरावांनी फोन उचलला.

“मॅडम, खंडोजी बोलतोय. एक सांगायचं होतं. माझ्या चटणीत सुंठ होती.”

पलीकडून संयोगिता म्हणाली, “खंडोजीराव, आज शनिवार आहे.”

“हो. तीन आठवडे होती. मला आज कळलं. सुंठीनं मळमळ कमी होते.”

“म्हणजे सगळी रीडिंग्ज...?”

“गुरुवारचं सोडून.”

“गुरुवारचं आपण डिलीट केलंय.”

“हो.”

“उद्या नऊला या. साध्या इडल्या खाऊन या. आणि प्लीज, वरून तूपही घेऊ नका,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तुपाचा संबंध काय हे खंडोजीरावांना कळलं नाही, पण त्यांनी घेतलं नाही.

रविवारी प्रयोगशाळेत तिघंच होते. महांतेशचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा होता. पाचव्या मिनिटाला खंडोजीरावांनी सात सांगितला, आठव्याला बादली मागितली. महांतेश माइकवरून म्हणाला, “अण्णा, खऱ्यानं हुतंय का मनाला लावून घेतलाय? आज हुणारच म्हणून आलायसा तुम्ही.”

शंका रास्त होती आणि संयोगितालाही ती आलेली होती. तिने तीन चिठ्ठ्या केल्या. एका फेरीत जाळं पूर्ण स्थिर, दोन फेऱ्यांत नेहमीसारखं. कुठली फेरी कधी, हे खंडोजीरावांना सांगायचं नाही. प्रत्येक फेरीनंतर दीड तास भिंतीकडे तोंड. पहिल्या फेरीत त्यांनी आठ सांगितला, दुसरीत एक, तिसरीत सात. संध्याकाळी पाचला चिठ्ठ्या उघडल्या. दुसरी स्थिर होती.

मग महांतेश पडद्यासमोर बसला तो उठेना. अर्ध्या तासाने त्याला दोष सापडला. बागेतल्या डाव्या झाडाकडे वळताना माणूस खोलीच्या मध्यावरून पलीकडे जातो, आणि त्या क्षणी फोन एका अँटेनाला सोडून दुसरीला धरतो. या हस्तांतरात चित्र एकदाच, पाव सेकंदाच्या आसपास, अडकतं. महांतेश मिनिटामिनिटाची सरासरी बघत होता आणि सरासरीत हा अडथळा विरघळून जात होता.

“सरासरी चांगली हुती की वो,” तो हळूच म्हणाला.

“सरासरीला उलटी होत नाही,” संयोगिता म्हणाली. “तो मूल्यमापनाचा फॉर्म परत घेता येतो का बघ.”

“नाही येत. विचारलं मी.”

सोमवारची चाचणी रद्द झाली. ॲपच्या मालकांचं सविस्तर पत्र आलं. त्यात ‘चटणी’ हा शब्द पाच वेळा होता. वरच्या कार्यालयाने घटनेचा लेखी अहवाल मागवला आणि अहवालाला संबंधित व्यक्तीचा जबाब हवा होता. संबंधित व्यक्ती म्हणजे राजलक्ष्मी. खंडोजीरावांच्या कराराचा निर्णय त्या अहवालावर व्हायचा होता.

राजलक्ष्मी बुधवारी आल्या. म्हैसूर सिल्क नेसल्या होत्या आणि पुरावा म्हणून चटणीपुडीचा डबा घेऊन आल्या होत्या. संयोगिताने त्यांना खुर्ची दिली.

“वहिनी, तुमच्यावर आरोप वगैरे नाही. फक्त प्रोसेस म्हणून विचारतेय. तुमच्या चटणीमुळे ट्रायल पुढे ढकलावा लागला, याची तुम्हाला कल्पना आहे ना?”

“चटणीमुळं ढकलला की बागेमुळं?”

महांतेश जमिनीकडे बघू लागला.

“तेही खरंच आहे,” संयोगिता म्हणाली. “पण प्रश्न असा आहे की उद्या पुन्हा असं होणार नाही याची खात्री काय? यांचं काम नेमकं काय आहे हे तुम्हाला कधी दाखवलंय का कुणी?”

दाखवलेलं नव्हतं. म्हणून त्यांना आत नेऊन चष्मा बांधला. जाळं जुनंच, दोष तसाच. खंडोजीराव बाहेर बादली घेऊन उभे राहिले. राजलक्ष्मी वीस मिनिटं बागेत फिरल्या, वाकल्या, डावीकडच्या झाडाला तर तीन फेऱ्या घातल्या. दर मिनिटाला महांतेशने आकडा विचारला आणि दर वेळी उत्तर आलं, “काही नाही.” बाहेर येऊन त्यांनी पदर सारखा केला.

“त्या झाडाला एकाच फांदीला आंबे पण आहेत आणि मोहोर पण,” त्या म्हणाल्या. “आणि पानं फणसाची आहेत. मी तोडलं आपलं, तुम्ही सांगितलं म्हणून.”

संयोगिताने ते लिहून घेतलं. दीड महिन्यात हे कुणाच्याही नजरेला आलं नव्हतं.

“पण मला काहीच झालं नाही आणि यांना होतं,” राजलक्ष्मी म्हणाल्या. “म्हणजे यांचं पोट खराब झालं तरच तुमचं काम नीट होणार.”

“स्पष्ट बोलायचं तर, हो.”

“आणि नाही झालं तर मावशींसारखं कुणीतरी पडणार.”

“शक्यता आहे.”

राजलक्ष्मींनी बादली घेऊन उभ्या असलेल्या खंडोजीरावांकडे पाहिलं. मग त्यांनी डबा संयोगितापुढे सरकवला. “हे ठेवा इथं. घरात मी दुसरी साधी करते. पण एक सांगा अक्का, आठवड्यात यांना किती दिवस फिरवता?”

“चार.”

“दोन करा.”

“वहिनी, प्रोजेक्ट्सची लाइन लागलीय. दोन दिवसांत कसं...”

“चार दिवस ठेवलंत तर हे एक तर आजारी पडतील, नाहीतर त्या पोरांसारखे सरावतील. दोन्हीत नुकसान तुमचंच आहे. माझं काय, मी निम्मा स्वयंपाक करायला शिकलेय.”

संयोगिता पुण्यातल्या एका नामांकित महाविद्यालयात वक्तृत्वाची ढाल मिळवलेली बाई होती. तिने थोडा विचार केला आणि चक्क कन्नडात होकार भरला, “सरी. दोन.”

कराराचं पत्र तीन एप्रिलला आलं. मुदत एक वर्ष. तपासणी मंगळवारी आणि शुक्रवारी. दिवस कमी करण्याच्या कारणाच्या रकान्यात ‘उपकरणाची देखभाल’ असं लिहिलं होतं. फॉर्म एका पानाचा दोन पानी झाला, त्यात चटणीच्या घटकांसाठी अकरा ओळी आल्या, आणि त्या राजलक्ष्मींच्या अक्षरात कन्नडमध्ये भरल्या जातात. आता तो फॉर्म वाचावा लागतो. महांतेशला त्या वर्षी ‘अपेक्षेपेक्षा सरस’ असा शेरा मिळाला. त्याने चूक कळवण्याचा लेखी प्रयत्न केला तेव्हा प्रामाणिकपणाच्या रकान्यातही त्याचा गुण वाढला.

हस्तांतराचा अडथळा निघायला जुलै उजाडला. मधल्या काळात खंडोजीरावांनी पाच सांगितला, मग चार, मग पुन्हा पाच, आणि एका शुक्रवारी दोन. त्या दोनवर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. संयोगिताने आधी चटणीच्या अकरा ओळी महांतेशकडून वाचून घेतल्या आणि मग सही घेतली.

ऑगस्टमध्ये मल्लेश्वरमच्या केंद्रात चौदा म्हातारी माणसं बागेत फिरून आली. कस्तुराबाईंनी सात आंबे तोडले. चक्कर कुणाला आली नाही, पडलं कुणी नाही. अभिप्रायात नऊ जणांनी एकच तक्रार नोंदवली: एवढी मोठी बाग आहे, पण बसायला एक बाक नाही. बाक घालायचं तत्काळ ठरलं. घातल्यावर त्यावर कुणी खरोखर बसायला जाऊ नये म्हणून काय करायचं, यावर मारतहळ्ळीच्या त्या चौथ्या मजल्यावर अजून बैठका चालू आहेत. मंगळवार-शुक्रवार सोडून असतील तर खंडोजीरावही त्यांत बसतात.